घाई नसलेलं गाणं

जानेफळला जनावरांच्या दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली ती एका घोषणेनं.

"चहा तयार झालेला आहे. ज्या मंडळींना चहा घ्यावयाचा असेल त्यांनी कृपया ओसरीवर यावं. पाहुण्यांनी आधी, घरच्यांनी नंतर."

मी अंथरुणातून उठून घाईघाईनं बाहेर आलो. मला वाटलं, घरात बरीच माणसं आली असावीत. ओसरीवर माझे घरमालक एकटेच बसलेले होते. पाहुणा मी आणि घरचे ते. तिसरं कोणी त्या घरात नव्हतंच. माझ्याकडे कप सरकवत ते अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "घ्या सायेब. थंडा होऊन राह्यला."

त्यांच्याजवळ अशा दोन भाषा होत्या. एक रोजची, वऱ्हाडी, हळू आवाजातली. दुसरी घोषणेची, शुद्ध आणि खणखणीत. विहिरीचा दोर तुटला की "विहिरीवर येणाऱ्या भगिनींनी नोंद घ्यावी", मांजर दुधाला तोंड लावून गेलं की "उपस्थितांनी आपापल्या वस्तू सांभाळाव्यात". घोषणेआधी ते तोंडापुढं मूठ धरून दोनदा फुंकर मारायचे आणि अंगठ्यानं हवेतच टकटक करायचे. सुरुवातीला मला हसू आवरत नसे. हे सगळं माईकपुढचं होतं हे मला गावानं सांगितलं. महाराष्ट्र होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याच्या आधी आणि नंतरही काही काळ, मेहकर-चिखलीच्या टापूत लग्न असलं की लाउडस्पीकर ह्यांचाच असे. बॅटरी, दोन भोंगे, चावी भरून चालवायचं ग्रामोफोनचं मशीन आणि रेकॉर्डींची पेटी बैलगाडीत घालून ते गावोगाव जात. लोक त्यांना अजूनही भोंगेवाले म्हणत, पण तोंडावर म्हणत नसत.

मी गेलो तेव्हा ते सगळं सुटून गेलं होतं. गावाबाहेर नदीकाठी त्यांचा छोटा मळा होता. वांगी, भेंडी, मेथी काढायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची, एवढंच त्यांचं काम. उंच, वाळलेला माणूस. मान एका बाजूला किंचित कललेली, जणू भिंतीपलीकडचं कोणी काही सांगतंय. आणि ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नात आवाज पोचवला तो बाजारात मात्र तोंड उघडत नसे. आजूबाजूचे माळी "आली आली, मेथी आली" करून गळा फाडत असत आणि हे आपल्या ढिगामागं हात बांधून बसलेले. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर सांगत, नाही विचारला तर तसेच बसत. संध्याकाळी उरलेली वांगी पाटीत घालून परत येत.

"हाक मारली तर खपतील की," मी एकदा म्हणालो.

"लय हाका मारल्या सायेब," ते म्हणाले. "आता कोणाची आली तं ऐकावं म्हणतो."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. पण त्यांची एक खोड मला रोज दिसत होती. बोलता बोलता ते मधेच हात वर करायचे. "थांबा. कोणी हाक मारली का?"

"नाही हो."

"पाहा बरं बाहेर."

मी बाहेर बघून यायचो. कोणी नसायचं. घराच्या पुढच्या दाराची कडी त्यांनी काढून टाकली होती. रात्रंदिवस दार नुसतं लोटलेलं. जेवताना ते भांड्याचा आवाज होऊ देत नसत. एकदा मी आंघोळ करताना मोठ्यानं काहीतरी म्हणत होतो, तर न्हाणीच्या बाहेर येऊन उभे राहिले. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "तुम्ही गाऊन राह्यले, अन् तिकडे कोणी बोलवाले आलं तं?"

शेजारी एक काकू राहत. त्यांच्या घरातून मला कधी भाकरी, कधी ठेचा यायचा. त्यांनीच मला एक दिवस हळूच सांगितलं, "त्याइच्या घरी राहता, चांगलंच आहे. माणूस वाईट नाही. पन गावात लोकं काय म्हणते माहीत आहे न तुम्हाले?"

"काय म्हणतात?"

"घरी बायको मेली अन् हा तिकडे लग्नात गाणे वाजवत होता, असं."

एवढं बोलून त्या आत निघून गेल्या. काकूंचे यजमान आणि माझे घरमालक भिंतीला भिंत लावून राहत होते, पण एकमेकांशी बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. भांडणही नव्हतं. काका समोरून आले की घरमालक मान फिरवत, आणि त्यांनी मान फिरवली की काका चपलांकडे बघत निघून जात.

लग्नसराई सुरू झाली की त्यांची हालत बघवत नसे. आता गावात दुसऱ्याचा लाउडस्पीकर आला होता, चांगला मोठा. सकाळी पहिली रेकॉर्ड लागली की हे डोक्याला उपरणं कानांवरून घट्ट बांधायचे आणि मळ्यात जायचे. वाऱ्याबरोबर तिथंही आवाज यायचाच. मग विहिरीत खाली, पायऱ्यांवर जाऊन बसायचे.

आणि असा हा माणूस एका गाण्यासाठी वेडा होता.

दर रविवारी दुपारी ते ट्रान्झिस्टर घेऊन ओसरीवर बसत. रेडिओवर फर्माइशीची गाणी लागत. आधी गावांची आणि माणसांची लांबलचक नावं, मग गाणं. त्यांना बाकीच्या गाण्यांशी काही कर्तव्य नसे. नावं मात्र कान देऊन ऐकत. एक गाणं पुरं होतं न होतं तोच पुढच्याची वाट पाहत. कार्यक्रम संपला की ट्रान्झिस्टर बंद करून फडक्यात गुंडाळून ठेवत. पुढच्या रविवारपर्यंत तो फडक्यातच.

त्यांचं पोस्टकार्ड मीच लिहू लागलो, कारण त्यांना हिंदी लिहिता येत नव्हतं. गाण्याचा पहिला शब्द ते सांगत तो मला खात्रीनं कळत नसे. पहिल्यांदा लिहिताना मी विचारलं, "खाली नाव काय घालू?"

"शांताबाई, जानेफळ."

"आणि तुमचं?"

"माहं नोको."

"शांताबाई कोण?"

"घरचे होते," ते म्हणाले. बायकोला ते असंच म्हणत.

गाणं कसं आहे विचारलं तर ते कधी गुणगुणून दाखवत नसत. "माह्या गळ्यानं ते नासन." मग हातांनी दाखवत. तळहात छातीपाशी धरून तो हळूहळू खाली आणत, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं थांबवून ठेवत. "असा येते आवाज. वरून खाली. भरलेला. दोन जिवाची बाई पाणी घेऊन पायऱ्या उतरते न, तशी." गाणारी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. ती रेकॉर्ड त्यांनी अकोल्याहून आणली होती. दुकानदारानं न मागता हातात दिली होती. ह्या बाजूला आलेल्या कुठल्याच सिनेमात ते गाणं त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"नवी रेकॉर्ड आणली की पहिल्यांदा घरी लावून पाहो," ते म्हणाले. "ती भाकरी करत होती. तिले गाण्याचं काही नव्हतं सायेब. मी इतक्या रेकॉर्डी लावल्या, ती कधी मान वर करून पाहे नाही. ही लावली तं तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी जळून गेली. मंग म्हणे, हिले घाई नाही."

"कोणाला?"

"गाणारीले. बाकीच्या समद्या बाया घाईत गाते, म्हणे. हिले कशाचीच घाई नाही."

ते इतकंच बोलले आणि मळ्यात गेले.

एक दिवस ते न सांगता कुठंतरी गेले आणि तिसऱ्या प्रहरी परत आले. काखेत फडक्यात काहीतरी होतं. ओसरीवर बसून त्यांनी ते सोडलं. काळ्या रंगाचा, कडेला लाटा लाटा असलेला एक वाडगा निघाला. तेव्हा जुन्या रेकॉर्डी गरम पाण्यात मऊ करून बायका असे वाडगे करत. त्याला लसणाचा वास येत होता.

मशीन आणि पेटी त्यांनी बायको गेल्यावर मेहकरच्या बाजूच्या एका माणसाला देऊन टाकली होती. इतक्या वर्षांनी ते शोधत त्याच्या घरी गेले. मशीन गंजून गेलं होतं. पेटीतल्या रेकॉर्डी पोरांनी फोडल्या होत्या. आणि चुलीपाशी शिंक्यात हा वाडगा होता. घरातली बाई तो द्यायला तयार नव्हती. पाटीभर वांगी दिली तेव्हा तिनं लसूण काढून घेतला.

"पाहा तळाशी," ते म्हणाले. "लाल कागदाची माह्यापाशी एकच रेकॉर्ड होती."

वाडग्याच्या तळाशी गोल कागद अजून चिकटलेला होता. लाल रंग उडाला होता, पण इंग्रजी अक्षरं वाचता येत होती. मी गाण्याचे शब्द वाचले. ते आतापर्यंत जे सांगत होते आणि मी जे पोस्टकार्डावर लिहीत होतो, ते वेगळंच होतं. एक शब्द ते नेहमी चुकीचा ऐकत आले होते. सिनेमाचं नावही कागदावर होतं.

"म्हणून नाही लागलं ते आजपर्यंत," मी म्हणालो. "त्यांना कळलंच नसेल कोणतं गाणं."

त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी मूठ तोंडापुढं धरली, दोनदा फुंकर मारली. "सर्व उपस्थितांना कळविण्यात आनंद होतो की," एवढं म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही. मी लगेच पोस्टकार्ड लिहिलं, शब्द नीट, सिनेमाचं नाव नीट. खाली शांताबाई, जानेफळ.

त्या संध्याकाळी दिवेलागणीला, मी न विचारता, त्यांनी मला बायको गेली त्या दिवसाचं सांगितलं.

लग्न अमडापूरला होतं. ते आदल्या दिवशीच गाडी जोडून निघाले. बायको दारापर्यंत आली होती, धडधाकट. लग्नाच्या दिवशी सकाळी तिला ओकाऱ्या आणि ढाळ सुरू झाले. डॉक्टर मेहकरहून यायचा होता, तो येईपर्यंत दुपारी ती गेली. निरोप घेऊन शेजारचा माणूस सायकलवर निघाला. शेजारचा म्हणजे काकूंचे यजमान. उन्हातान्हात तो अमडापूरला पोचला तेव्हा मांडवात वऱ्हाड येऊन बसलं होतं. गोरज मुहूर्त होता, अक्षतांना थोडाच वेळ होता.

"त्यानं नवरीच्या बापाले सांगतलं. बापानं आणखी दोघा-चौघा म्हाताऱ्याइले बोलावलं. त्याइनं ठरवलं, की अक्षता पडू द्या, मंग सांगू. आता सांगतलं तं मंगलकार्यात अपशकुन होते. बाई तं गेलीच आहे. घंटाभरानं काय होते?"

"आणि तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"मी मशीनपाशी बसेल होतो. म्हातारे आले माह्यापाशी. एकजण म्हणे, वाजवा. चांगलं वाजवता तुम्ही, वाजवत राहा. मले वाटलं, आज हे लोक मनापासून खूश आहे. मी तेच गाणं लावलं. संपलं की दुसरा म्हणे, तेच लावा अजून." त्यांनी शेजारच्या भिंतीकडे बोट केलं. "मंग मले हा दिसला. मांडवाच्या खांबापाशी, आमच्या गावचा माणूस. सायकल बाजूले उभी. मले वाटलं, लग्नालेच आला. गावचं माणूस परगावी दिसलं की कसं बरं वाटते सायेब. मी त्याले लांबून हात केला. मशीनकडे बोट दाखवलं, म्हटलं आता तुह्यासाठी लावतो. अन् लावलं. त्यानं मान खाली घातली. मले वाटलं, ऐकून राह्यला."

"समद्या मांडवाले माहीत होतं. स्वयंपाक्याले माहीत होतं. एक मलेच नव्हतं." मग अगदी शांतपणे ते म्हणाले, "पन एक सांगू? ते गाणं चालू होतं तवर माह्यासाठी ती जित्ती होती. घरी जाऊन तिले सांगीन म्हटलं, तुहं गाणं आज लोकाइनं अजून लावा, अजून लावा म्हणून ऐकलं. असं मनात म्हणत होतो मी. तेवढा टाइम ती कोणासाठीच नव्हती, पन माह्यासाठी होती. म्हणून मले ते एकदा ऐकाचं आहे. दुसरं काही नाही."

त्यानंतरचे काही रविवार आम्ही दोघं ओसरीवर ट्रान्झिस्टरपुढं बसत होतो. मीही आता नावं ऐकायला शिकलो होतो. आणि एका रविवारी निवेदिकेनं कुठल्या कुठल्या गावांची नावं घेता घेता जानेफळचं नाव घेतलं. जरा चुकीचं घेतलं. मग "शांताबाई" म्हणाली. तिच्या तोंडी ते नाव फार स्वच्छ आणि परकं वाटलं. त्यांनी दोन्ही हात ट्रान्झिस्टरवर ठेवले. तो पळून जाईल की काय, असे.

गाणं सुरू झालं.

ढोलक जोरात, टाळ्या, आणि एक पातळ, चिरका, खेळकर आवाज. पोरगी कुणालातरी चिडवत, पळत पळत गातेय असं. मधे ती खुदकन हसली पण. शब्द तेच होते, वाडग्यावरचे. बघता बघता गाणं संपलं आणि पुढच्या गाण्याची नावं सुरू झाली.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे हात तसेच होते.

"हे नव्हे," ते म्हणाले.

"शब्द तर तेच आहेत."

"शब्द तेच आहे. बाई दुसरी आहे."

"रेडिओवाल्यांनी दुसऱ्या कोणाचं..." मी काहीतरी म्हणायला गेलो. त्यांनी हात वर केला. हाक ऐकण्यासाठी करत तसा नव्हे. मला थांबवण्यासाठी. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. ते काहीतरी जुळवत होते आणि जुळत आल्याचं त्यांना भय वाटत होतं, हे मला दिसत होतं.

"माह्या मशीनची स्प्रिंग ढिली होती," ते अखेरीला म्हणाले. "अकोल्याच्या मिस्तरीनं सांगतलं होतं मले. मशीन मंद फिरते म्हणे, बदलून टाका. मी म्हटलं, चालते. बाकीचे गाणे टॉकीजमधे ऐकेल असत. ते मशीनवर जरा जड वाटत, पन असल कसं आहे ते मनात ठाऊक असे. हे गाणं मी दुसरीकडे कुठी ऐकलंच नव्हतं."

मला समजायला थोडा वेळ लागला. रेकॉर्ड मंद फिरली की पातळ आवाजही जड आणि भरलेला होतो.

"हिले घाई नाही म्हणे ती," ते म्हणाले. "घाई माह्या मशीनले नव्हती. म्हंजे सायेब, तशी बाईच नव्हती कुठी. तसं कोणी गायलंच नाही कधी."

ट्रान्झिस्टर चालूच होता. बंद करायचं त्यांना सुचलं नाही. मीच केला.

त्या दिवसापासून घरातल्या घोषणा बंद झाल्या. चहा होई, कप माझ्या दारात ठेवलेला असे. मळ्यात जात, येत. भेंडी राठ होऊन झाडावरच वाळून गेली, तोडली नाही. वाडगा त्यांनी कुठं टाकला की पुरला, मला ठाऊक नाही. बोलता बोलता मधे थांबणंही गेलं. कोणी खरंच दारात येऊन हाक मारली तरी ते मान वळवत नसत. काकू मला म्हणाल्या, "त्याइले काय झालं हो? आमच्या ह्याइले पाहून आता मानपण फिरवत नाही. आरपार पाह्यते, जसं कोणी नाहीच तिथं."

मला काहीतरी करावंसं वाटलं. आणि मी जे सुचवलं ते चांगलं होतं की वाईट, ह्याचा मला आजही उलगडा होत नाही. मी म्हणालो, "तुमच्या मशीनवर ते गाणं ऐकलेली माणसं आहेत की. त्यांना ते तसंच आठवत असेल. त्या दिवशी मांडवात तर कितीदा लागलं. ती नवरी आहे ना कुठंतरी? ती विसरेल का तिच्या लग्नातलं गाणं?"

काही दिवस ते नुसते मळ्यात जात-येत राहिले. मग एका सकाळी धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून माझ्या दारात उभे राहिले. "त्या पोरीले बीबीले देल्लं होतं," ते म्हणाले. "तुम्ही संग येता का?"

आम्ही मोटारीनं बीबी गावाला गेलो. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत घर सापडलं. बऱ्यापैकी शेतकऱ्याचं घर होतं, पुढं जनावरं, कडब्याची गंजी. ओसरीवरच्या बाईला आम्ही काय ते सांगितलं तेव्हा ती फटकळपणे म्हणाली, "ते मागं राह्यते," आणि घराच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. मागं एक एकखणी खोली होती. दारात एक बाई तूर पाखडत होती. वय फार नव्हतं, पण केस पिकले होते. पुढं बसलेली ती तिची सवत, हे नंतर कळलं.

त्यांनी हात जोडले. "मी जानेफळचा. तुमच्या लग्नात रेकॉर्डी लावाले मी होतो."

तिच्या हातातलं सूप थांबलं. ती उठली, आतून घोंगडी आणून टाकली, पाणी दिलं. मग उंबऱ्यात बसली. पदर डोक्यावरून नीट घेतला.

"एक विचारतो बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी एक गाणं लय वेळा लावलं होतं मी. बाईचा आवाज होता. भरलेला." त्यांनी तळहात छातीपासून हळूहळू खाली आणला. "आठवते का तुम्हाले?"

तिनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला, हे तिच्या कपाळावर दिसलं.

"नाही आठवत भाऊ. लग्नातलं मले काहीच नाही आठवत आता. तुमचा आवाज आठवते फक्त."

"माहा?"

"तुम्ही रडले तो."

ते काही समजल्यासारखे दिसले नाहीत.

"अक्षता पडल्या न, मंग माह्या बापानं तुमच्यापाशी येऊन सांगतलं," ती म्हणाली. "मंगलाष्टकाइचा माईक तिथंच होता, चालू. तुम्ही जे ओरडले भाऊ, ते समद्या गावात ऐकू गेलं. दोन्ही भोंग्यातून. गायी दावं तोडून पळाल्या. माह्या गळ्यात माळ तशीच होती. कोणाले काहीच कळे ना. तुमचा माईक कोणाले बंद करता येत नव्हता."

तिचा आवाज चढला नाही. ती तूर पाखडल्यासारखं, एका लयीत सांगत होती.

"सासू तिथंच बोलली, जिच्या लग्नात भोंग्यातून रडणं आलं ती घरात काय आणन. पहिलं पोरगं माहं गेलं, तवा म्हणे, पाहा. दुसऱ्या खेपेले राह्यलं नाही, तवा म्हणे, पाहा. मंग ह्याइनं दुसरी आणली. आता सासू गेली, पन हे म्हणणं नाही गेलं." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती लगबगीनं म्हणाली, "तुम्हाले नाही बोलत भाऊ मी. तुमची तं बायको गेली होती. माणूस रडणार नाही तं काय करन?"

ते उठले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तिच्या उंबऱ्यावर ठेवली आणि खाली वाकले. ती चटकन मागं सरली. टोपी उचलून तिनं पदरानं झटकली आणि त्यांच्या हातात दिली.

"टोपी घाला भाऊ," ती म्हणाली. "ऊन आहे."

तिनं आम्हाला चहा केला. गूळ घातलेला. पुढच्या घरातून कोणी आमच्याकडे फिरकलं नाही. निघताना तिनं विचारलं, "पन काऊन विचारलं ते गाणं?" ते म्हणाले, "असंच."

परतीच्या मोटारीत ते खिडकीपाशी बसले होते. लोणार मागं पडलं. मेहकर जवळ आल्यावर म्हणाले, "मले आजपर्यंत वाटे, मी मनातल्या मनात रडलो. म्हटलं, लोकाइच्या मांडवात आपण आवाज नाही केला." मग पुन्हा बाहेर बघत राहिले.

माझी बदली त्या वर्षीच झाली. निघताना ते घरीच होते. मी येतो म्हणालो, ते बरं म्हणाले. सामान मोटारीवर चढवायला काका आले होते. ह्यांनी दाराच्या आतूनच ते पाहिलं.

पुढं बऱ्याच दिवसांनी बुलडाण्याला सरकारी कामानं गेलो असताना काकू आणि काका भेटले. माझे घरमालक थंडीत गेले, काकू म्हणाल्या. दुखणं असं काही नव्हतं. जेवण कमी कमी होत गेलं. रक्ताचं कोणी नव्हतं, म्हणून खांदा काकांनी दिला, अग्नी काकांनी दिला, आणि तेरवीही काकांनीच आपल्या दारात घातली. हे सांगत असताना काका बाजूला उभे राहून चपलेनं माती उकरत होते.

"तेरवीले एक बाई आली होती, एकटीच," काकू म्हणाल्या. "बीबीची म्हणे. आम्हाले तं कोणाले माहीत नाही. नातं विचारलं तं काही सांगतलं नाही. पंगतीले बसली नाही. बायकाइत येऊन बसली अन् एकेकीले विचारे, भाऊ कोणतं गाणं लावत होते हो? कोणतं होतं ते?"

"मग?"

"कोणाले माहीत असणार? तिनं म्हाताऱ्याइलेपण विचारलं, ह्याइलेपण विचारलं. कोणालेच सांगता आलं नाही. मंग मोटारीची वेळ झाली म्हणून ती निघून गेली."